कादंबरीतल्या डॉक्टरीणबाई
कार्बोलिक साबणाचा वास आला की मला कलकत्त्यातली, गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधली एक संध्याकाळ आठवते. माझ्या बोलण्यात बंगाली फार मिसळू लागलं होतं, म्हणून वडील चहाच्या वेळी मला मराठी कादंबरी मोठ्याने वाचायला लावत. तेव्हाची कादंबरी आईच्या गावच्या नावाजलेल्या डॉक्टरीणबाईंवर बेतलेली होती, नाव तेवढं बदललेलं. शेवटच्या पानावर नायिका संसारासाठी दवाखान्याला कायमचं कुलूप लावते. मी पुस्तक मिटलं, तेव्हा हुगळीवर बोटीचा भोंगा वाजत होता. "छान! बाईला हेच शोभतं," वडील म्हणाले. मॅट्रिक झाल्यावर मला स्थळं बघायची, हे त्यांनी ठरवलंच होतं. मटार सोलत बसलेली आई एकदम उसळली. "साफ खोटं! मला टायफॉइड झाला तेव्हा त्या दोन मुलांच्या आई होत्या, तरी रोज घरी येऊन तपासायच्या. हातांना कार्बोलिकचा वास यायचा त्यांच्या." "अगं, कादंबरी आहे ती." "असेल. पण बाई खरी होती ना?" वडिलांनी निवलेल्या चहाचा कप बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सायन्सला जायचंय का गं तुला?" आता रोज संध्याकाळी त्याच साबणाने हात धुऊन मीही दवाखान्याला कुलूप लावते, पण सकाळी उघडण्यासाठी.