ईस्टरच्या पहाटेची हाक

आम्ही गाव सोडलं तो ईस्टरच्या आदला दिवस, शनिवार. आणीबाणी संपली त्या वर्षीची गोष्ट. यांची बँकेतून बनारसला बदली झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. फाट्यावर ट्रंक आणि वळकटी घेऊन आम्ही मनमाडच्या एसटीची वाट पाहत होतो. बाबांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि त्याच दमात माझ्या धाकट्या बहिणीकडे वळून म्हणाले, "सुमती, उद्या हाक तू दे." एसटी अजून यायची होती. निदान ती तरी येऊ द्यायची.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावात ईस्टरची पहाट कबरस्तानात उजाडते. आदल्या आठवड्यात कबरींना चुना लागतो. मग अंधारातच पांढऱ्या साड्या नेसून बायका निघतात, मागून पुरुष आणि पोरंबाळं. पूर्वेला फटफटलं की एकीने हाक द्यायची, "प्रभू उठला आहे." सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे." हाक बाईनेच द्यायची, कारण रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, असं बाबा सांगत. ते शाळेत आणि देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दोन्हीकडे मास्तर. आई होती तोवर ती हाक देई. ती गेली आणि मी देऊ लागले, तिच्याच कबरीपाशी उभी राहून. वर कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटलेली असे. "झाड आधी रिकामं होतं, मगच भरतं," असं बाबा दर वर्षी म्हणत. उत्तराचा तो आवाज अंगावर येई तेव्हा मला आई गेल्यासारखी वाटतच नसे. माझ्याकडून काढून घेतलं ते हे.

रविवारी पहाटे गाडी इटारसीच्या पुढे कुठेतरी होती. हे घोरत होते. मी खिडकीशी बसून सुमतीचा आवाज फाटावा, निदान तिला खोकला तरी यावा, असं मनात म्हणत होते. सणाच्या दिवशी असलं मागणं कोणत्या देवाने ऐकावं?

बनारसला पंचगंगा घाटावरच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण काकू, भिक्षुकाच्या घरातल्या विधवा. त्यांच्या किती पिढ्या काशीत गेल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. आम्ही ख्रिस्ती हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "घरात मांस-मच्छी नको. बाकी मराठी बोलणारं माणूस वर राहील तर मलाही बरं."

वर्ष सरलं. होळीत सारं शहर रंगलं. पाडव्याची तयारी तर काकूंकडे महिनाभर आधीपासून. माझा जळफळाट होई. या लोकांचा वसंत गल्लीतून वाजतगाजत येतो, आणि माझा यायचा तो कुणाच्या दारी? तिकडे गावी सुमतीने सुरेख हाक दिली, असं तिकडून येणारं प्रत्येक पत्र आवर्जून सांगत होतं.

ईस्टरला पहाटे पांढरी साडी नेसून यांच्याबरोबर रिक्षाने छावणीकडच्या कबरस्तानात गेले. तिथली उपासना हिंदीत, हाक पाळकसाहेबांच्या बायकोने दिली. चांगली दिली, त्याचाही राग आला. सगळ्यांचं झाल्यावर मी हळूच मराठीत हाक दिली. दोनचार जणांनी वळून पाहिलं. हे आपले काढून ठेवलेले बूट शोधत होते. परत येताना डोळ्यांना धार लागली ती थांबेना. जिन्यात काकूंनी विचारलं, "कुठून येताय?" मी म्हटलं, "कबरस्तानातून," आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

तासाभराने काकू वर आल्या. हातात झाकलेलं पातेलं, त्यात पिठलं-भात. "आज चूल नका पेटवू. खबर आली काय गावाकडून? कोण गेलं ते सांगायचं मन नसेल तर नका सांगू, पण दोन घास खाऊन घ्या."

पांढरी साडी, सुजलेले डोळे, मसणातून परतलेली बाई. त्या माउलीने आमच्या घरी कडू घास आणला होता, ईस्टरच्या दिवशी. मला हसू आलं आणि ते रडण्यातच मिसळलं. मग मी सगळं सांगितलं. रिकामी कबर, चुना, निंबाची पालवी, हाक, सुमतीसुद्धा.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आईजवळ जाऊन उभं राहता येतं तुम्हाला. आमचं काय, घाटावर न्यायचं, गंगेत सोडायचं. माझा मुलगा चौदाचा होऊन गेला, त्याला कुठे जाऊन हाक मारू? मला तर हेवाच वाटतो तुमचा." माझाही कुणाला हेवा वाटेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्या पदर सावरून म्हणाल्या, "बोला, काय म्हणता तिथे. जवाब मी देते. हाक रिकामी जाऊ देऊ नये."

मी हाक दिली. पिठल्याच्या पातेल्यापाशी उभं राहून काकूंनी उत्तर दिलं, त्यांच्या त्या हिंदी हेलाच्या मराठीत.

तेव्हापासून हे दर वर्षी चाललंय. बाबा आता आईशेजारी आहेत. सुमती यंदा फोनवर म्हणाली, "ताई, ईस्टरला ये. हाक तूच दे, माझा आवाज बसतो हल्ली." हेच ऐकायला माझा जीव वर्षानुवर्षं टांगलेला होता. गावाकडच्या मंडळींनो, मी आले नाही, ते रुसून नाही. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हाला हे सांगायची गरज नसावी. काकूंचे गुडघे गेलेत, तरी त्या पहाटे न्हाऊन जिन्यात उभ्या असतात. मी गेले तर त्या उत्तर कुणाला देतील? हाकेला उत्तर येतं ते घर, एवढंच मला आता कळतं. सुमतीला मी फक्त "जमत नाही" म्हटलं. तिला उत्तर द्यायला अख्खा गाव आहे. काकूंचं मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तोंडाने सांगणारही नाही; हे वाचेल तेव्हा कळेलच.