देवाला अंग असतं का

भोकरदनच्या स्टँडवर एसटी सुटायच्या आधी अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमचं घर राजूरजवळच्या खेड्यातलं, जुनं ख्रिस्ती. अप्पा म्हणजे माझे वडील; शेती करायचे आणि रविवारी उपासना चालवायचे. मी नर्स म्हणून अमेरिकेला निघाले होते. अप्पा म्हणाले, "देवाला अंग न्हाई, पोरी. म्हणून तर तो इथंबी ऱ्हातो अन् तिथंबी." तेवढ्या एका वाक्यावर मी तिकडचा पहिला हिवाळा काढला.

मग युटामध्ये डॅनियल भेटला. तो मॉर्मन, तिकडच्या एका वेगळ्या पंथाचा. येशूला मानतो म्हणजे आपल्यातलाच, असं मी धरून चालले. लग्नाचं बोलणं निघाल्यावर एकेक उलगडत गेलं. त्यांच्या देवपित्याला हाडामांसाचं शरीर आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे वेगळे, मनाने मात्र एक. आपल्याकडे तिघे मिळून एकच देव. आपला देव शून्यातून सृष्टी करतो, त्यांचा देव आधीपासून असलेल्या द्रव्यातून ती घडवतो. शिवाय माणूस जन्माआधीही देवाजवळ होता आणि पुढे त्याच्यासारखा होऊ शकतो. हे शेवटचं ऐकून अप्पांनी फोन आईच्या हातात दिला. मला माझी श्रद्धा सोडायची नव्हती आणि अप्पांच्या आशीर्वादाशिवाय लग्नही करायचं नव्हतं.

म्हणून डॅनियलला गावी नेलं. त्यांच्यात चहा चालत नाही; आईला वाटलं, पोरगा रुसला. अप्पांनी सरळ विषयालाच हात घातला. दुभाषी मीच. शून्यातून सृष्टी कशी, यावर दोघं अडले तेव्हा चुलीपुढून आई म्हणाली, "मला तर बाई पीठ लागतंच." अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गुपचूप भाकरी थापायला लागली.

"तुह्या देवाला अंग हाय, मंग तो इथं तुह्यासंगं आला कसा?" अप्पांनी विचारलं.

डॅनियल म्हणाला, पवित्र आत्म्याला तसं शरीर नाही, तो येतो. अप्पांनी आईला ताटं वाढायला सांगितलं.

निघायच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला. "मला हे बिलकुल पटलं न्हाई," ते म्हणाले. "पण पोरगी लांब हाय. तिच्या डोक्यावर हात ठेवायला तिथं अंग असलेलं कुणीतरी पायजे."

तुम्ही गावाकडचे अजून विचारता, जावई ख्रिस्तीच ना? तो हो म्हणतो, अप्पा नाही म्हणतात. मी आजही अप्पांचाच देव मानते. पण ड्युटीवरून दमून आले की डॅनियल माझ्या डोक्यावर हात ठेवतो, आणि मी घरी पोचते.