शेवटचा काजवा

"बाबा, सापडला!" केतकी ओरडली आणि मी वर्तमानपत्र टाकून टीव्हीपाशी धावलो. व्हिडिओ गेममधला राक्षस तिने महिन्यापूर्वीच मारला होता. तेव्हापासून लेक त्यातले लपलेले दोनशे काजवे वेचत होती. शेवटचा धबधब्यामागे लुकलुकत होता.

"अगं, घे पटकन!"

तिचा अंगठा बटणावर थांबला. "हा घेतला की संपलंच रे सगळं."

तिची आई तांदळाचा डबा कधी पूर्ण रिकामा करत नाही, तळाशी मूठभर राखतेच. भरलेपण बहुतेक त्या मुठीतच असतं. केतकीनेही काजवा तसाच राखला आणि हसत कॉलेजला गेली.

कंट्रोलर समोर पडलाय. काजवा लुकलुकतोय. आणि माझा अंगठा नुसता शिवशिवतोय!