रोज उघडलेला स्क्रू

होडीसाठी जुनं इंजिन घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी सहा इंजिनं हुंगून नापास केली. एकाचा रंग ताजा, म्हणजे खाली गंज. दुसऱ्याचा मालक फार हसतो, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय. लोक ताक फुंकून पितात. हे फुंकायच्या आधी भांडं कुणी आणलं ते विचारतात. सातवं मात्र घेतलं, कारण सोबत नेलेला मेकॅनिक "नका घेऊ" म्हणाला. म्हणजे त्यालाच ते हवं असणार!

"गिअरच्या तेलात पाणी शिरलं की ते दुधासारखं दिसतं, तेवढं लक्ष ठेवा," मेकॅनिकने बजावलं. झालं! रोज संध्याकाळी हे इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा स्क्रू काढून थेंबभर तेल बोटावर घ्यायचे. मी म्हणायचे, "अहो, राहू द्या की त्याला!" पण माझं कोण ऐकतंय?

दोन महिन्यांनी तेल पांढरं झालं. "मी म्हणत नव्हतो?" करत हे मेकॅनिककडे निघाले. मीही मागोमाग गेले.

त्याने स्क्रू काढला आणि त्यातली चिरडलेली पातळ चकती तळहातावर ठेवली. "काका, हा वायसर. स्क्रू काढला की दर वेळी नवा घालायचा असतो. तुम्ही रोज तोच घातलात. पाणी इथूनच शिरलं."

सोनारानेच कान टोचले, ते बरं झालं. ह्यांच्या डोळ्यांदेखत त्याने तेल बदललं, नवा वायसर बसवला.

संध्याकाळी बघते तर हे स्क्रूड्रायव्हर घेऊन होडीकडे निघालेले.

"आता काय?"

"खरंच नवा बसवलाय का, ते बघून येतो."