ही खिडकी कितवीत?

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या ताई कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात. पडद्यावरच्या चौकटींना त्या खिडक्या म्हणतात आणि लेकरांशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलतात, "सांग की गं, तू कोण?" मी डबा ठेवून गुपचूप खाली येते. आपण काही बोललो तर हसतील, असं वाटतं.

काल त्या आपणहून म्हणाल्या, "मावशी, प्रत्येक खिडकीला क्लास द्यावा लागतो. तो वाचून कॉम्प्युटर तिला ओळखतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ही कितवीत हाय?"

ताई हसल्या नाहीत. "तुम्ही कितवी शिकलात?"

"चौथी."

त्यांनी टकटक करून खिडकीला क्लास दिला आणि मग तिला तो विचारला. पडद्यावर अक्षरं उमटली: चौथी.

त्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथंच बसले.