पाठीला पाठ लावून

वीसेक वर्षांपूर्वी मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो. आमच्या इमारतीच्या तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी, एक बहीण-भाऊ पंक रॉक वाजवायचे. तो गिटार वाजवायचा आणि ती पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या टबावर काठ्या. माझे कपडे धुऊन झाले तरी मी तिथेच रेंगाळायचो.

ती चाळिशीची असावी. काठ्या अंबाड्यात खोचलेल्या. आधी बूट काढायची, मनगटावरचं घड्याळ बुटात ठेवायची आणि भावाच्या पाठीला पाठ लावून बसायची. मग असा दणका सुरू व्हायचा की भिंतीचे पोपडे पडतील! आणि मध्येच, कसलीही खूण न करता, दोघं एकाच क्षणी थांबायचे. माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा भाऊ निघून गेल्यावर मी न राहवून तिला विचारलं, "न बघता जमतं कसं?"

"त्याचं असं आहे, वडील गेले तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही," ती काठ्या पुसत म्हणाली. "गावोगावी कार्यक्रम करतो, दोन रेकॉर्डही काढल्या. जातो मात्र वेगवेगळ्या गाड्यांनी."

"मग नवीन गाणं कसं बसवता?"

"तो सुरू करतो. मी ऐकते."

एवढंही कळू नये का, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं, बुटातून घड्याळ काढलं आणि गेली.

त्या रविवारी पुण्याहून ताईचा नेहमीसारखा फोन आला. जेवलास का, थंडी फार आहे का. सवयीनं "हो, हो" म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. ताई थकली होती. आवाजातच कळत होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.