मुंबईहून आलेले तवे

काय सांगू बायांनो, माझ्यासारखी न बोलणारी मुलगी एवढा मोठा घोळ घालू शकते, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. घोळ घालायला पुष्कळ बोलावं लागतं असं मलाही वाटायचं. तसं काही नाही. नुसतं एक बोट ठेवलं तरी पुरतं!

आमचं घर दुसरबीडच्या अलीकडे, मळ्यात आहे. मोठ्या सडकेपासून घरापर्यंत दोन फर्लांगांचा आमचा स्वतःचा रस्ता. बाबांनी त्यावर मुरूम टाकून घेतला होता, पण गाड्यांच्या चाकांनी त्यात दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. बैलांच्या दमणीतून येणारा पाहुणा घरी पोचला की आधी कंबर धरायचा, मग रामराम घालायचा.

लढाई संपल्यावर बाबांनी लष्कराचा जुना ट्रॅक्टर घेतला. आमच्या भागातला तो पहिलाच. पहिले आठ दिवस लोक त्याला नुसतं पाहायला येत. नववा दिवस उजाडला आणि बाबांच्या मनात आलं, याच्यामागे एखादं अवजार लावून आपला रस्ता सारखा करावा. मुंबईच्या एका कंपनीला पत्र गेलं, आणि तिकडून अवजारांचं चित्रांचं पुस्तक आलं. सगळं इंग्रजीत!

घरात इंग्रजी येणारी मी एकटी. देऊळगावला मामांकडे राहून मी मिडलची परीक्षा दिली होती आणि सुट्टीत घरी आले होते. पुढं बुलढाण्याला हायस्कुलात जायचं की नाही, हे ठरायचं होतं. मी तर रात्रंदिवस तेच मनात घोळवत होते. आत्याबाई म्हणायच्या, "पोरीच्या जातीले आनखी किती शिकवता, भाऊ? चुलीले इंग्रजी समजते काय?"

बाबा नुसते म्हणायचे, "पाहू."

या 'पाहू'ची मला फार भीती वाटायची. 'नाही' म्हटलं तर निदान रडता तरी येतं.

तर त्या दिवशी बाबांनी पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "कमळ, वाचून सांग. आपल्या रस्त्याले कोनतं पायजे?"

आत्याबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. आमचा सालगडी गणपत खांबाला टेकून उभा होता, तोही पुढं सरकला. माझ्या लक्षात आलं, ही अवजाराची नाही, माझीच परीक्षा चाललीय.

पहिल्या चित्रात एक लांब लोखंडी पातं होतं, जरा तिरकं लावलेलं. त्याखाली लिहिलं होतं की हे रस्त्याची माती खरवडून खड्ड्यात भरतं. दिसायला अगदीच ओकंबोकं. दुसऱ्या चित्रात मात्र दोन ओळींत चकचकीत गोल तवे! भाकरीच्या तव्याएवढे, उभे लावलेले. त्याखालचं वाक्य मला अजून पाठ आहे. त्याचा अर्थ असा, की हे अवजार कठीण जमीन मऊ आणि सारखी करतं.

आता तुम्हीच सांगा, यात मी काय चुकीचं वाचलं? एक अक्षरही नाही!

पण वाचताना माझं लक्ष पुस्तकात कमी आणि माझ्या तळपायांत जास्त होतं. चपला मला फक्त शाळेपुरत्या होत्या. सुट्टीत त्या रस्त्यानं रोज अनवाणी जायचं म्हणजे मुरमाचे खडे असे टोचायचे की डोळ्यांत पाणी यायचं. मऊ रस्ता! मी तव्यांवर बोट ठेवलं.

"हे."

"काय करते हे?" बाबांनी विचारलं.

"कठीण जमीन मऊ करतं. आणि सारखी."

गणपत पुटपुटला, "मालक, रस्ता मऊ कायले करता? त्याच्यावर निजाचं हाय काय?"

"चूप रे! मुंबईवाल्याले तुह्यापेक्षा जास्त समजते."

त्या क्षणी मला एकदम जाणवलं की गणपतचं बरोबर असावं. तोंड उघडायचं, एवढंच होतं. पण मी चूक कबूल केली की बुलढाणं गेलं! मी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. आता वाटतं, रस्ता उकरायला मी तेव्हाच सुरुवात केली होती.

महिन्याभरानं तवे आले. बाबा फेटा बांधून स्वतः ट्रॅक्टरवर बसले. जमीन फारच टणक, म्हणून गणपतनं अवजारावर दोन मोठे धोंडे ठेवले. एक फेरी, दोन फेऱ्या... आठव्या फेरीला रस्ता असा भुसभुशीत झाला की काय सांगू! मी त्यावरून अनवाणी चालून पाहिलं. गालिचा हो, गालिचा!

संध्याकाळी सरकीच्या पोत्यांची गाडी आली आणि चाकांच्या आसापर्यंत रुतली. बैल सोडून पोती डोक्यावरून आणावी लागली.

"बसंल हळूहळू," बाबा म्हणाले. पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते कोर्टाच्या तारखेसाठी बुलढाण्याला गेले. तिथं काम लांबलं. इकडे पाऊस झाला, वाफसा आला, पेरणीची घाई सुरू झाली. बाबा जाताना गणपतला सांगून गेले होते, "सडकेपासून घरापर्यंत सारं पेरून टाक, माही वाट पाहू नको."

गणपतनं पेरलं. सारं.

आता त्याला तरी काय बोल लावायचा? डावीकडे नांगरलेली जमीन, उजवीकडे नांगरलेली जमीन, आणि मधे त्या दोन्हींपेक्षा सुरेख तयार झालेली जमीन. पेरणीची तिफन मधेच उचलायची तरी कुठं?

बाबा परत आले तेव्हा सडकेवर उतरून बराच वेळ उभेच राहिले. आपण भलत्याच ठिकाणी उतरलो असं त्यांना वाटलं म्हणे! घर समोर दिसतंय आणि घराकडे जाणारा रस्ता नाही. होती ती हिरवीगार, बोटभर उगवलेली ज्वारी. त्यातही मधल्या पट्ट्यातली सगळ्यांत जोमदार, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या बैलांचं शेण त्यात वर्षानुवर्षं मुरलेलं!

ते बांधाबांधानं घरी आले आणि गरजले, "गणप्या! आन ट्रॅक्टर. मोडून टाकतो सारं!"

आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "उगोलेल्या पिकावर चाक घालता काय भाऊ? लक्ष्मी हाय ते. मले आधी चिरडा, मंग जा पुढं."

बाबा जागच्या जागी थांबले. उगवलेल्यावर चाक घालायला त्यांचंही मन कुठलं धजतंय? थोडक्यात काय, तालुक्यातला पहिला ट्रॅक्टर ज्वारी निघेपर्यंत गोठ्याशेजारी अडकला. कोंबड्यांनी त्याच्या बैठकीवर अंडी घालायला सुरुवात केली.

"रस्ता पेरतं काय कोनी? डोळे फुटले होते काय तुहे?" बाबा गणपतवर ओरडत होते. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

तेवढं मात्र मला सहन झालं नाही. मी खांबाआडून पुढं आले. "बाबा, त्याची चूक नाही. तवे मी निवडले. मुंबईवाल्यानं पुस्तकात रस्त्यासाठी वेगळं अवजार दाखवलं होतं. मी ते वाचलं होतं."

बाबा माझ्याकडे वळले.

"वाचलं होतं? मंग हे काऊन निवडलं?"

"मऊ होतं म्हणून. पायाला खडे टोचतात."

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अवं, मंग चपला मागायच्या होत्या ना! मुंबईहून तवे कायले आनवले?"

गणपतला हसू आवरेना. पण आत्याबाईंना संधी मिळाली. "पाह्यलं ना शिक्षन? आता ठेवा घरीच. शेतीवाडीचं काम तरी शिकंल."

झालं, संपलं बुलढाणं!

"शेतीचं काम? हिले?" बाबांनी दोन्ही हात जोडले. "नाही अक्का. हे एक साल आनखी घरी राह्यली तं आपल्याले घरात याले जागा ठेवनार नाही. जाऊ दे बुलढाण्याले. तिथं आपलं वावर नाही."

तर अशी मी इथं बुलढाण्याच्या हायस्कुलात आले. पहिल्याच दिवशी बाईंनी वर्गापुढे उभं करून सांगितलं, "ही तिच्या गावातून हायस्कुलात आलेली पहिली मुलगी. हिची हुशारी पाहून वडिलांनी पाठवलंय बरं का!" मी मान खाली घातली. सगळ्या म्हणाल्या, किती विनयशील आहे!

माझी हुशारी बाबांनी पाहिली होती, हे मात्र अगदी खरं. दोन फर्लांग लांब होती ती, आणि मी निघाले तेव्हा गुडघ्याएवढी वाढली होती.